दोघांच्या टीचर

तुळजा टीचर कुठल्याही मुलाच्या आईबापांना शाळेत बोलावून घेत नसत. मुलाने काच फोडो, कोणाचं डोकं फोडो, आठवडाभर दांडी मारो, त्या स्वतःच त्याच्या घरी जात. आणि पहिल्या खेपेला तक्रारीचा शब्दही काढत नसत. बसत, पाणी मागून घेत, लिफ्ट चालू आहे का, नळाला पाणी कधी येतं, घरातली म्हातारी कशी आहे, असलं काहीबाही विचारत आणि उठत. मुलगा तेवढा वेळ भिंतीला चिकटून उभा असे, आता सांगतील, मग सांगतील म्हणून. त्या काहीच न सांगता निघाल्या की तोच जिन्यापर्यंत मागे येई. जे काय बोलणं व्हायचं ते त्या जिन्यात.

नवऱ्याला सिरुसेरीच्या एका कंपनीत नोकरी लागली म्हणून आम्ही चेन्नईला आलो आणि वेलचेरीत घर घेतलं. वर्षभर मी घरात बसून कंटाळले, तेव्हा कोणीतरी या शाळेचं नाव सुचवलं. इंग्रजी माध्यमाच्या वर्गांना गणित शिकवायला माणूस हवं होतं. शाळा शहराच्या दक्षिण टोकाला. नदीकाठच्या झोपड्या उठवून तिथल्या माणसांना उंच उंच इमारतींमध्ये आणून टाकलं होतं, त्यांची मुलं या शाळेत. माणसं इकडे आणि त्यांची कामं तिकडे, जुन्या शहरात. आया पहाटेच्या बसने निघत आणि दिवेलागणीनंतर परत येत. मधला सगळा दिवस मुलांचा.

पहिल्या दिवशी माझं आडनाव ऐकून स्टाफरूमच्या दारातून एक घोगरा आवाज आला, चक्क मराठीत. "साताऱ्याची आ? आमचे पूर्वज तिकडूनच आले म्हणून सांगतात. कोणी पाहिलें?"

तुळजा टीचर तंजावरच्या मराठी. त्यांची मराठी माझ्या कानाला पोथीतून उतरल्यासारखी वाटे, मध्ये मध्ये तमिळ शब्द आणि प्रश्नाच्या शेवटी तमिळ हेल. 'काय करतेयस' नाही, 'काय करूलालीस?' आणि मुलगा नाही, 'लेंकरूं'. मिशा फुटलेला, इमारतभर दरारा असलेला अकरावीतला दांडगाही त्यांच्या लेखी लेंकरूंच.

त्या ठेंगण्या, रुंद खांद्याच्या. चालणं पुरुषी. उपमुख्याध्यापिका होत्या, पण त्यांच्या खोलीतली खुर्ची बसण्यासाठी नव्हतीच. तिच्यावर मुलांकडून काढून घेतलेल्या वस्तूंचा ढीग असे. गोड मात्र अजिबात नव्हत्या. तोंड तिखट. चारचौघांत शिक्षकांना सुनावत, डूख धरत, एखाद्याशी महिनोन्‌महिने बोलत नसत. अर्ध्या स्टाफला त्या आवडत नव्हत्या, आणि त्यात त्या अर्ध्या स्टाफची फारशी चूक नव्हती. 'अशा घरातली मुलं' असं कोणी म्हणालं की त्या थांबत. "कशा घरातली?" असं अगदी शांतपणे विचारत, आणि उत्तर मिळेपर्यंत समोरून हलत नसत. मग तो माणूस आयुष्यभर त्यांच्यावर चिडून राही.

माझ्या पहिल्याच सहामाहीत नववीतल्या विघ्नेश नावाच्या मुलाच्या दप्तरात मला सायकलची चेन सापडली. एका टोकाला चिंधी गुंडाळलेली, हातात धरायला सोपी जावी म्हणून. मी त्याला टीचरांकडे नेलं. वाटलं होतं, कोणाला मारणार होतास, असं विचारतील.

"तुला कोण मारतं रे, कण्णा?" त्यांनी तमिळमध्ये विचारलं, बाळा म्हणावं तसं.

तो किडकिडीत मुलगा आधी छताकडे बघत राहिला, मग रडायलाच लागला. बसस्टॉपवर पलीकडच्या इमारतीतली मोठी मुलं त्याला रोज अडवत होती. काय करत होती ते त्याने शेवटपर्यंत नीट सांगितलं नाही. टीचरांनी चेन खुर्चीवरच्या ढिगात टाकली आणि त्या संध्याकाळपासून त्याच्याबरोबर बसस्टॉपवर जायला लागल्या. त्या मोठ्या मुलांशी भांडल्या नाहीत. नुसत्या उभ्या राहत आणि एकेकाला नाव विचारत, आईचं नाव विचारत, कुठल्या शाळेतून सुटलास ते विचारत. काही दिवसांनी ती मुलं त्यांना पाहिलं की स्टॉपच बदलायला लागली.

मला त्या म्हणाल्या, "जवळ कांही बाळगणारें लेंकरूं पहिलें भ्यालेलें असतें. मारायचें कसें तें मागाहून शिकतें."

हे दर वेळी जमलं असं मात्र नाही. पुढच्या वर्षी विघ्नेश शाळेत आलाच नाही. टीचर त्याच्या घरी गेल्या तर दाराला कुलूप, आणि शेजाऱ्यांना काही माहीत नाही.

आईबापांना शाळेत का बोलावत नाही, हे मी त्यांना एकदा विचारलं होतं. आम्ही एका घरून परत येत होतो, नवव्या मजल्यावरून, लिफ्ट बंद. त्या पायरीवर टेकल्या आणि दम खात खात बोलल्या. नोकरीच्या सुरुवातीला त्या छडीवाल्या बाई म्हणूनच प्रसिद्ध होत्या. जुन्या शहरातल्या एका शाळेत एक मुलगा सारखा मारामाऱ्या करायचा. त्यांनी त्याच्या बापाला बोलावून घेतलं. बाप हमाल. अर्ध्या दिवसाचं काम टाकून आला. त्यांनी सगळ्या तक्रारी घडाघडा वाचून दाखवल्या. बापाने ऐकून घेतलं, हात जोडले, आणि तिथेच, त्यांच्या टेबलासमोर, पट्टा काढला.

"मी 'पुरे, पुरे' म्हणून ओरडलें. तो थांबेना. मज दाखवूलाला होता तो, मी चांगला बाप आहें म्हणून. त्या लेंकराला एका कानानें ऐकूं येईनासें झालें. पुढें तो मोठा दादा झाला त्या बाजूचा. लोक म्हणत, जन्माचाच गुंड. मी तेथें होतें की. जन्माचा नोहे."

एवढं बोलून त्या उठल्या आणि उरलेले मजले न थांबता उतरल्या.

घरी त्या एकट्याच. वेलचेरीत, आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर दोन खोल्यांचं तळमजल्याचं घर. पुरात दोनदा बुडून निघालेलं, भिंतींवर पाण्याची रेघ तशीच. नवरा लवकर गेलेला. एक मुलगी, वैदेही, अड्यारला राहणारी. तिच्याशी मराठीत दोन वाक्यं बोलली की तिसरं इंग्रजीत जाई. ती एकदा हसत हसत मला म्हणाली, "अम्मा सगळ्या शाळेची अम्मा होती. माझ्या पॅरेंट्स मीटिंगला शेजारच्या मामी यायच्या." हसत म्हणाली, पण टीचर तेव्हा उठून आत गेल्या.

आता दिल्लीबाबू आणि अरुळ यांच्याबद्दल सांगते. चेन्नईच्या उत्तरेकडच्या आणि नदीकाठच्या वस्त्यांत दिल्लीबाबू हे नाव बरंच आढळतं, त्याचा दिल्लीशी काही संबंध नाही. हे दोघं एकाच नदीकाठावरून उठून आलेले, एकाच इमारतीत, एकाच बाकावर. दिल्लीबाबू उंच, बोलायला अडखळणारा, कोणाचीही सायकल दुरुस्त करून देणारा. अरुळ बुटका, चुणचुणीत, गणितात माझ्या पुढे धावणारा. एकाचा डबा दुसरा खाई आणि दुसऱ्याचा गृहपाठ पहिला उतरवी.

ते अकरावीत गेले त्या वर्षी संस्थेने गुणांप्रमाणे तुकड्या पाडल्या. निकाल वाढवायचा होता. 'अ' तुकडीला जास्तीचे तास आणि चांगले शिक्षक. 'ड' तुकडी मागच्या बाजूला, पत्र्याच्या छपराखाली. मुलांनी दुसऱ्याच दिवशी तिला नाव दिलं, कुप्पै. कुप्पै म्हणजे कचरा. टीचर बैठकीत भांडल्या. आवाज चढवला, एका विश्वस्ताला काहीतरी लागट बोलल्या, आणि त्यामुळे होतं तेही काम बिघडलं. दोघंही मुलं 'ड'मध्ये गेली, अरुळ बाकीच्या विषयांत कच्चा म्हणून. मग टीचरांनी माझं गणिताचं मत पुढे करून निदान अरुळला तरी 'अ'मध्ये घालून घेतलं. त्या दिवशी त्या खुशीत होत्या. मला कॉफी पाजली.

बाक सुटला. अरुळला नवे मित्र मिळाले, त्यांच्यासमोर टिकायचं होतं. दिल्लीबाबू अर्धे दिवस पत्र्याखाली, अर्धे दिवस बाहेर. त्याच्या वर्गावर येणारे एक नवीन शिक्षक रोज एकेकाला उभं करून चाचणीचे गुण मोठ्याने वाचायला लावत. अडखळणाऱ्या मुलाला स्वतःचा भोपळा स्वतःच्या तोंडाने वाचायला लावणं म्हणजे काय, ते त्यांना कळलं नसावं. घरी त्याचा बाप, कामावरून काढून टाकलेला पहारेकरी, प्यालेला असला की त्याचीच नक्कल करून दाखवी.

एका दुपारी शाळा सुटल्यावर शेअर ऑटोच्या थांब्यावर अरुळने त्याला नव्या मित्रांसमोर हाक मारली, "डेय् कुप्पै!" हसत हसत मारली होती. जुना दोस्त म्हणूनच मारली असेल. दिल्लीबाबूच्या खिशात सुरा होता. कधीपासून होता कोणाला ठाऊक नाही. वार गळ्यावर येत होता, अरुळने हात मध्ये घातला.

तो जगला. पण उजव्या मनगटाच्या शिरा तुटल्या आणि बोटं मिटायची बंद झाली. दिल्लीबाबू पळाला नाही. पोलीस येईपर्यंत तिथेच फूटपाथवर बसून राहिला होता.

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या कार्यालयात टीचरांना बोलावणं आलं. मी बाहेर बाकावर होते, आतलं सगळं ऐकू येत होतं. कार्यवाहांचं म्हणणं सरळ होतं. या मुलाचं नाव हल्ल्याच्या आधीच शाळेतून कमी झालं होतं, असं दाखवायचं. तो फारसा येत नव्हताच. टीचरांनी होकार द्यायचा, एवढंच. शाळेचं नाव वाचेल, बाकीच्या शेकडो मुलांचं भलं होईल.

"तो काल सकाळी प्रार्थनेला माझ्यासमोर उभा होता," टीचर म्हणाल्या.

"टीचर, तुमच्या निवृत्तीला थोडेच महिने राहिलेत. शांतपणे जा ना."

"तो आपला नव्हता असं मी म्हणणार नाही. आपलाच होता. म्हणून तर हे झालं."

त्यांचं पद काढून घेतलं. त्यांना पत्र्याच्या छपराखाली 'ड' तुकडीचे तास दिले, शिक्षा म्हणून. ते त्यांनी शेवटच्या दिवसापर्यंत घेतले. निरोपसमारंभ झाला नाही. स्टाफरूममध्ये बरेच जण म्हणत, हट्टी बाई, गुंडाला पाठीशी घालते. खरं सांगायचं तर मलाही तेव्हा अरुळच्या हातापुढे दुसरं काही दिसत नव्हतं.

त्या दोन्हीकडे जात. बालसुधारगृहात भेटीच्या दिवशी दिल्लीबाबूकडे, एरवी सरकारी इस्पितळात अरुळकडे. दिल्लीबाबूचा बाप म्हणाला, मला मुलगा नाही. आई लक्ष्मी घरकामाला जाई. खाडा केला की काम जाण्याची धास्ती, त्यामुळे तिला कधी जमे, कधी नाही. अरुळची आई सेल्वी सिरुसेरीच्या एका कंपनीत साफसफाईला होती. एकटीने वाढवलेला मुलगा. तिला कळलं की टीचर तिकडेही जातात. इस्पितळाच्या वऱ्हांड्यात मी बरोबर होते, तेव्हा तिने वाट अडवली.

"टीचर, तुम्ही त्याच्याकडेही जाता?"

"जाते."

"मग इथे येऊ नका. त्याच्याकडे जा, नाहीतर माझ्या मुलाकडे. दोन्ही नाही."

टीचर तिखट काही बोलतील असं मला वाटलं. पण त्या म्हणाल्या, "सेल्वी, मला दोघांतून एक निवडता येत नाही ग. तू म्हणतेस तर आत येणार नाही."

आणि त्या आत गेल्या नाहीत. पण येणं थांबवलं नाही. वऱ्हांड्यात बसत आणि वेळ संपली की उठत. परत येताना बसमध्ये एकदा मला म्हणाल्या, "एकाचा हात धरून वर ओढलें. दुसऱ्याचा हात त्याच्या हातांत होता, तो सुटला. मी पाहिलें नाहीं." त्या रडत नव्हत्या. खिडकीबाहेर बघत होत्या.

अरुळ घरी आला. काही दिवसांनी, एका रविवारी सकाळी मी टीचरांकडे बसले होते, तेव्हा दारात सेल्वी. चप्पल न काढता उंबऱ्याबाहेर उभी. तिच्या मोठ्या दिराचा मुलगा, अरुळचा अण्णा, घरी येऊन बसायला लागला होता. आता गप्प बसलास तर जन्मभर मान वर करता येणार नाही, म्हणत होता. दिल्लीबाबू सुटून येईल तेव्हा बघून घेऊ, म्हणत होता. आदल्या दिवशी अरुळच्या गादीखाली तिला कोयता सापडला होता.

"एका हाताने काय करणार तो?" सेल्वी म्हणाली. "मरेल. नाहीतर तोही आत जाईल." आणि तिथेच खाली बसली.

टीचर तशाच तिच्याबरोबर निघाल्या, मीही गेले. अरुळ खाटेवर बसला होता. टीचरांना बघून त्याने तोंड फिरवलं.

"तो काय म्हणतो?" त्याने भिंतीकडे बघत विचारलं.

"तुझी बोटं हलतात का, विचारतो."

"सांगा, नाही हलत."

"सांगितलं."

"मग?"

"पुढच्या भेटीला पुन्हा तेच विचारलं."

अरुळ ओरडला, "माफ कर म्हणून सांगायला आलात ना?"

"नाही," टीचर म्हणाल्या. "करू नकोस. तो तुझा हक्क आहे. मी तुला घेऊन जायला आलेय. बारावीची परीक्षा होईपर्यंत माझ्याकडे राहा. तिथे तुझा अण्णा येणार नाही. आला तर त्याला मी बघते."

तो त्या दिवशी आला नाही. पुढच्या आठवड्यात सेल्वीच त्याला कपड्यांच्या पिशवीसकट आणून सोडून गेली. वैदेही अड्यारहून येऊन आईशी कडाडून भांडली. दुसऱ्यांचं वैर घरात का आणतेस, उद्या कोणी दारात हत्यार घेऊन आलं तर? टीचरांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. "तुझें खरें आहें," एवढंच म्हणाल्या. अरुळचा अण्णा दोनदा आला. दोन्ही वेळा टीचर दारात उभ्या राहून त्याच्याशी बोलल्या आणि त्याला आत घेतलं नाही. काय बोलल्या ते मला कधीच सांगितलं नाही.

अरुळ त्या घरात मुक्यासारखा राहिला. संध्याकाळी मी गणित घ्यायला जाई. डाव्या हाताने लिहिताना आकडे गडगडत, तो चिडून वही फेकी. कधी टीचरांनाही घालून पाडून बोले. भेटीच्या दिवशी त्या सुधारगृहाकडे निघाल्या की तो दार लावून घेई. पास झाला, जेमतेम. शहरातल्या एका तंत्रनिकेतनात त्याला जागा मिळाली. मग घरी परत जायचं होतं, पण तो गेला नाही आणि टीचरांनी जा म्हटलं नाही.

दिल्लीबाबूला सोडायचं ठरलं तोवर माझ्या नवऱ्याची पुण्याला बदली झाली होती. सामान बांधता बांधता मी टीचरांना भेटायला गेले. त्या त्याला इथे आणणारच नव्हत्या. तंजावरला त्यांच्या भावाचा पाण्याचे पंप दुरुस्त करायचा कारखाना होता, तिथे त्याला न्यायचं, दिवसाच्या गाडीने, चेन्नईत न थांबता.

"राहील तिथे?" मी विचारलं.

"मज काय माहीत? भाऊ नको म्हणूलाला होता. मी भांडलें."

अरुळ पुढच्या खोलीत होता. त्याने सगळं ऐकलं असणार. त्या निघाल्या तेव्हा तो उठला. "परत येणार ना?"

"तो? नाही."

"तुम्ही."

"सोमवारी," टीचर म्हणाल्या. त्याने मान हलवली आणि पंखा मोठा केला.

एग्मोर स्टेशनवर मी त्यांना पोचवायला गेले. दिल्लीबाबू मला ओळखू आला नाही. केवढा तरी वाढला होता. नजर वर करत नव्हता. गाडी सुटायला थोडा वेळ होता तेव्हा लक्ष्मी धापा टाकत आली, एका घरचं काम उरकून दुसऱ्या घरी जाण्यापूर्वी. तिने त्याचे जपून ठेवलेले शर्ट आणले होते. एक उघडून त्याच्या पाठीला लावून पाहिला. अर्ध्या पाठीवरच संपला. ती तसाच धरून उभी राहिली. त्याने तो तिच्या हातातून घेतला, घडी घातली आणि पिशवीत ठेवला. तिला काहीतरी बोलायचा त्याने प्रयत्न केला, पण शब्द पहिल्याच अक्षरावर अडला. "राहू दे," ती म्हणाली आणि त्याच्या तोंडावरून हात फिरवून लगबगीने निघून गेली.

दोघं आत जाऊन बसली. मी फलाटावर उभी. गाडी सुटायला उशीर होत होता, डब्यात उकाडा. मी वर्तमानपत्र आणायला गेले आणि परत आले तर दिल्लीबाबू झोपलेला. आदल्या कितीतरी रात्रींची असावी अशी ती झोप. त्याचं डोकं घसरत घसरत टीचरांच्या खांद्यावर आलं होतं, तोंड उघडं, हात सैल.

गाडी हलली. मी हात उंचावला. टीचरांनी मला पाहिलं. त्यांचा माझ्या बाजूचा हात त्याच्या भाराखाली होता. त्यांनी तो काढला नाही. ताठ बसून, मानही न हलवता, त्या नुसत्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत राहिल्या, आणि डबा पुढे निघून गेला.